कापडाच्या पाठीवर चिठ्ठी हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वनस्पतींच्या रंगांनी कापड कसे रंगवावे आणि त्यातून भिंतीवर लावण्याजोग्या कलाकृती कशा कराव्यात, याविषयी पानभर मजकूर आला होता. छायाचित्रे सुरेख होती. पानांचे ठसे उमटलेले रेशीम पाहून तर मी पान बाजूला काढून ठेवले. पण मजकुरात बीट, हळद आणि लाल कोबी यांचे रंग सुती कापडाला देऊन वर मीठ किंवा व्हिनेगर घातले की ‘रंग पक्का होतो’, असे लिहिले आहे. हे वाक्य वाचून उद्या अनेक जण कामाला लागतील, म्हणून हे पत्र लिहिते आहे. ते लांबले आहे, पण थोडक्यात सांगण्यासारखे हे प्रकरण नाही.

मी २६ वर्षे शाळेच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. निवृत्तीनंतर वनस्पतींनी कापड रंगवायला लागले आणि त्या कापडाचे तुकडे जोडून, वर धावदोऱ्याने भरून भिंतीवरची चित्रे करते. पहिले मोठे चित्र रानाचे होते. पाच फूट रुंद, तीन फूट उंच. जुन्या पांढऱ्या चादरीतून कापलेले पानांच्या आकाराचे १४० तुकडे एकमेकांना जोडले होते. हिरवा रंग देणारे एखादे झाड असेल अशी नवख्या माणसाची समजूत असते, माझीही होती. प्रत्यक्षात झाडाच्या पानातला हिरवा कापडावर टिकत नाही. हिरवे कापड हवे असेल तर आधी पिवळे रंगवायचे आणि मग निळीत बुडवायचे, किंवा उलट. मी काही तुकडे हळदीत पिवळे केले, काही डाळिंबाच्या सालीत, आणि सगळे निळीत बुडवले. हळदीवरचा हिरवा फार ताजा, पोपटी दिसला. साहजिकच बहुतेक पाने हळदीचीच झाली.

ते चित्र मी एका वाचनालयाला भेट दिले. त्यांनी ते मोठ्या आदराने वाचनकक्षात पश्चिमेच्या खिडकीसमोर लावले, कारण तिथे उजेड चांगला होता. १४ महिन्यांनी मी सहज गेले तेव्हा माझे रान निळे पडले होते. मधूनमधून काही पाने हिरवट होती, बाकी सगळे झाड निळसर राखी. तिथल्या कर्मचाऱ्याने मोठ्या कौतुकाने सांगितले की लोकांना ही निळी झाडे फार आवडतात. मला काही बोलता आले नाही. परवानगी घेऊन चित्र उतरवले आणि उलटे केले. मागची बाजू भिंतीकडे होती. तिथे प्रत्येक पान मी शिवले त्या दिवसाइतके हिरवे होते.

त्यापेक्षा जास्त मला लागले ते पुढचे. कोणते पान कोणत्या भांड्यातले, हे मी लिहूनच ठेवले नव्हते. प्रयोगशाळेत २६ वर्षे मी मुलांना सांगत आले की चिठ्ठी नसलेली बाटली ओतून द्यायची, आत काय आहे याचा अंदाज बांधायचा नाही. आणि माझ्याच कामावर चिठ्ठी नव्हती. जी पाने हिरवी राहिली ती डाळिंबाची, हे मला चित्राच्या पाठीवरून आणि उरलेल्या चिंध्यांवरून जुळवत बसावे लागले.

नंतर वाचनात आले की हे युरोपातल्या जुन्या भित्तिपटांचेही झाले आहे. न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयात एकशिंगी घोड्याच्या शिकारीचे सात विणलेले पट आहेत, साधारण १४९५ ते १५०५ या काळातले. त्यांत मुख्यतः तीन वनस्पतींचे रंग आहेत: लाल मंजिष्ठेच्या जातीच्या मुळाचा, निळा वोड या झाडाच्या पानांचा आणि पिवळा वेल्ड या झाडाचा. त्या काळच्या पटांतली झाडेझुडपे आज निळसर दिसतात, कारण वोडच्या निळ्यावर चढवलेला वेल्डचा पिवळा उजेडाने उडाला आणि निळा मागे राहिला. त्यांच्याही पाठी पुढच्या बाजूपेक्षा ताज्या आहेत. वेल्ड हा पिवळ्या रंगांमध्ये त्यातल्या त्यात टिकाऊ मानला जातो, तरी शतकांच्या उजेडात तो गेला. माझी हळद १४ महिन्यांत गेली.

तेव्हापासून मी कोणताही नवा रंग चित्रात घेण्याआधी खिडकीत ठेवून पाहते. रंगवलेल्या कापडाच्या बोटभर रुंद पट्ट्या जाड पुठ्ठ्यावर लावायच्या, अर्धी पट्टी दुसऱ्या पुठ्ठ्याने घट्ट झाकायची आणि आठ आठवडे खिडकीत उभे करायचे. झाकलेला भाग मधून मधून उघडून बघण्याचा मोह होतो, तो टाळायचा. माझ्या वहीत असे आहे: हळदीच्या पट्टीवर चौथ्याच दिवशी झाकलेल्या-उघड्या भागांमधली रेघ दिसली आणि तिसऱ्या आठवड्यात उघडा भाग जवळजवळ पांढरा झाला. तुरटीवर रंगवलेला झेंडू सहाव्या आठवड्यापर्यंत निम्मा उतरला आणि मातकट झाला. कांद्याच्या सालीचा नारिंगी तपकिरीकडे झुकला. डाळिंबाच्या सालीचा पिवळा किंचित मंदावला, इतकेच. मंजिष्ठेच्या पट्टीवर रेघ शोधावी लागली आणि निळीच्या पट्टीवर ती सापडलीच नाही. बिटाची पट्टी खिडकीपर्यंत पोहोचलीच नाही. साबणाच्या पहिल्याच धुण्यात तिचा रंग पाण्यात गेला. लाल कोबीची जांभळी पट्टी त्याच साबणाने निळसर हिरवी झाली. प्रयोगशाळेत आम्ही लाल कोबीचा रस आम्ल आणि अल्कली ओळखायला वापरत असू, तो गुण कापडावर गेला म्हणून थोडाच सुटतो?

वस्त्रोद्योगात हीच परीक्षा नीट मोजमाप ठेवून करतात. निळ्या रंगवलेल्या लोकरीच्या आठ ठरावीक पट्ट्या नमुन्याशेजारी उजेडात ठेवतात. पहिली सर्वात लवकर विटते, आठवी सर्वात उशिरा, आणि प्रत्येक पट्टीला आधीच्या पट्टीच्या सुमारे दुप्पट वेळ लागतो. आपला रंग कोणत्या पट्टीबरोबर विटला तो त्याचा क्रमांक. हळद या मोजपट्टीच्या अगदी तळाशी असते. ही पट्टी विकत मिळते, पण घरी झाकलेला पुठ्ठाही खूप काही सांगतो.

आता मीठ आणि व्हिनेगर. बहुतेक वनस्पतींचा रंग सुती धाग्यावर आपणहून बसत नाही. त्याला धाग्याशी बांधणारा रंगबंधक लागतो आणि सर्वात जुना, सर्वात भरवशाचा रंगबंधक म्हणजे तुरटी. तुरटीतले ॲल्युमिनियम एका हाताने धागा धरते आणि दुसऱ्या हाताने रंग. लोकर आणि रेशीम प्राण्यांपासून येतात, त्यांना तुरटी सहज पकडते. सूत, ताग, जवसाचा धागा, घायपात, केळीचा सोपट हे सगळे वनस्पतीचे धागे, त्यांच्यावर तुरटी नीट टिकत नाही. म्हणून आधी हिरड्याच्या पाण्यात कापड भिजवायचे. हिरड्यातले टॅनिन हे तुरट द्रव्य धाग्याला चिकटते, टॅनिनला तुरटी, तुरटीला रंग. यातली एक कडी गाळली की पुढचे सगळे वरवरचे राहते. मीठ काही कृत्रिम रंगांना सुती धाग्याकडे ढकलायला उपयोगी पडते आणि व्हिनेगर लोकरीच्या काही कृत्रिम रंगांना. ही समजूत बहुधा तिथूनच इकडे आली असावी. बीट-हळदीच्या भांड्यात घातल्याने त्यांतले कोणीही रंगबंधक होत नाही.

हळदीचे तर उलटेच. तिला रंगबंधक लागतच नाही, ती सुतावर लगेच चढते, म्हणून शिकवणाऱ्याला आणि शिकणाऱ्याला दोघांनाही आवडते. तिच्यातला रंग उजेडाने तुटतो, तो कितीही तुरटी घातली तरी तुटायचाच. बिटातला रंग धाग्याला धरतच नाही आणि उष्णतेनेही मोडतो.

मी हे सगळे लिहिते आहे ते कोणाला परावृत्त करायला नाही. उलट, टिकणारे रंग भरपूर आहेत आणि त्यांच्याबरोबर काम करण्यात जो आनंद आहे तो मला उरलेले आयुष्य पुरेल. मंजिष्ठेचे मूळ कुटून रात्रभर भिजवायचे आणि दुसऱ्या दिवशी मंद आचेवर दोन तास, हात पोळेल पण उकळी येणार नाही इतके गरम ठेवायचे. उकळले की मुळातले तपकिरी रंग बाहेर येतात आणि लाल मळतो. पाण्यात थोडी चुनखडी असली तर लाल जास्त खुलतो. हे मला एका फसलेल्या भांड्यानंतर कळले, मी भांडे भरायला साठवलेले पावसाचे पाणी वापरले होते आणि त्यात चुनखडी नसते. सिंधू संस्कृतीतल्या मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेले सुती कापडाचे अवशेष सापडले, त्यांवर मंजिष्ठेच्या जातीचा लाल ओळखला गेला आहे. मुळाशी आपले नाते इतके जुने आहे.

आणि नीळ. नीळ पाण्यात विरघळत नाही. चुना आणि फळांतली साखर घातली की तिचे रूप बदलते, ती विरघळते आणि पाणी पिवळसर हिरवे होते. कापड बुडवून बाहेर काढले की तेही हिरवेच असते. हवा लागते तसतसे ते डोळ्यांसमोर निळे होत जाते, घड्यांच्या कडांवर आधी, मग मध्ये. मी शेकडो वेळा पाहिले असेल. अजूनही हात थांबतो. पेरू देशात ऊआका प्रिएता या ठिकाणी निळीचे सुती कापड सापडले आहे, ते सुमारे ६००० वर्षांपूर्वीचे आहे. असा रंग हाताशी असताना बिटाच्या मागे कशाला लागायचे?

पानांच्या ठशांबद्दल पुरवणीत जे आले ते बरेचसे योग्य होते, एक गोष्ट मात्र राहिली. गुलाबाची किंवा निलगिरीची पाने कापडावर मांडून, काठीभोवती गुंडाळून, दोऱ्याने आवळून वाफवली की जो गडद ठसा उमटतो, तो पानातल्या टॅनिनचा आणि लोखंडाचा असतो. कापड आधी हिराकशीच्या, म्हणजे लोखंडाच्या क्षाराच्या, अगदी पातळ पाण्यातून काढलेले असते. तो ठसा टिकतो. ताजी फुले कापडावर ठेवून हातोडीने ठोकून घेतलेला ठसा दिसतो त्याहून सुंदर, पण महिन्याभरात बहुतेक वेळा तपकिरी डाग उरतो. मुलांबरोबर जरूर करावे, फक्त त्यांना आधी सांगावे. हिराकस मात्र जपून. लोखंड आणि टॅनिन यांचा काळा रंग कापडाला कालांतराने खातो. जुन्या भरतकामात पुष्कळदा काळ्या रेषाच झडून गेलेल्या असतात आणि बाकीचे रंग शाबूत असतात. मी बाह्यरेषेसाठी काळा धागा वापरायचे सोडून दिले आहे, त्याऐवजी गडद निळीचा वापरते.

रोजच्या स्वयंपाकाच्या भांड्यात हे करावे, असेही त्या पानात सुचवले होते. कृपया तसे करू नये. रंगाची भांडी, चमचे, गाळणी सगळे वेगळे हवे. मोरचूद किंवा पोटॅशियम डायक्रोमेटसारखे विषारी रंगबंधक तर घरात आणूच नयेत. डायक्रोमेटची बाटली मी हातमोजे घालून हाताळत असे, आणि काही कृतींमध्ये ते अजूनही सहज लिहिलेले आढळते. झाडातून आलेला रंग म्हणजे आपोआप निर्धोक, हे खरे नाही.

आता माझे मुख्य मागणे. अशा कलाकृतींच्या प्रदर्शनात आणि विक्रीत कापडाशेजारी लिहिलेले असते, ‘नैसर्गिक रंग’. एवढ्याने काहीच कळत नाही. हळदही नैसर्गिक आणि नीळही. एक तीन आठवड्यांत जाते, दुसरी हजारो वर्षे राहते. कृत्रिम रंगांकडे बोट दाखवून हा प्रश्न सुटत नाही. १८५६ साली विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने पहिला कृत्रिम जांभळा काढला आणि मागोमाग आलेले कित्येक कृत्रिम रंग उजेडात विटत. ते रंग न पटल्यामुळे कापडांची नक्षी करणारा इंग्रज कलावंत विल्यम मॉरिस १८७५ च्या सुमारास इंग्लंडमधल्या लीक या गावी थॉमस वॉर्डलच्या रंगशाळेत गेला आणि स्वतः हात बुडवून निळीचे, मंजिष्ठेचे प्रयोग करत बसला. त्याने वॉर्डलला लिहिलेल्या पत्रांत कोणता रंग कसा उतरला याचीच चर्चा आहे. पण १८६८ मध्ये जर्मनीत मंजिष्ठेतला लाल आणि १८९७ पासून बाजारात कृत्रिम नीळ तयार होऊ लागली, तेव्हा ते रंग मुळातल्या आणि पानातल्या मुख्य रंगाचेच होते, रेणू अगदी तोच. मग माझ्या चित्रातली नीळ पानातून आलेली आहे की कारखान्यातून, हे नुसते पाहून कोणालाच सांगता येणार नाही. सांगणारी मीच. म्हणून मी लिहून दिले पाहिजे.

लिहून ठेवल्याने काय होते याचे एक उदाहरण मला फार भावते. १७४२ मध्ये केर्दू नावाच्या फ्रेंच पाद्र्याने दक्षिण भारतातल्या रंगाऱ्यांकडून त्यांची कृती विचारून घेतली आणि पत्राने मायदेशी कळवली. कापड हिरडा आणि म्हशीच्या दुधात कसे भिजवायचे, तुरटी कुठे लावायची, लाल रंगाचे मूळ केव्हा घालायचे, टप्प्याटप्प्याने. हीच कापडे युरोपात इतकी खपली की फ्रान्सने १६८६ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली होती आणि ती १७५९ पर्यंत टिकली. धुतल्यावरही रंग न जाणारे कापड तिथे नवलाचे होते. ज्यांच्या हातांनी ते रंगवले त्या रंगाऱ्यांची नावे त्या पत्रांतून आपल्यापर्यंत आलेली नाहीत. कृती तेवढी आली, कारण कोणीतरी ती लिहिली. ज्यांच्याविषयी काहीच लिहिलेले नाही, अशा जुन्या कापडांचा रंग ओळखायला आज संग्रहालयांना धागा तोडून प्रयोगशाळेत तपासावा लागतो.

काही कलाकार म्हणतात की रंग विटणे हाच कामाचा भाग आहे, पान जसे पिकते तसे कापडही पिकावे. या विचाराचा मी आदर करते. एकीने तिचे बिटाचे काम मुद्दाम उन्हात लावले होते आणि शेजारी पहिल्या दिवसाचे छायाचित्र ठेवले होते. ते पाहून मी बराच वेळ उभी राहिले. पण तिने ते सांगितले होते. ज्याने घरी नेले त्याला न सांगता कापड पिकू देणे ही वेगळी गोष्ट आहे.

माझ्या प्रत्येक चित्राच्या पाठीवर आता हातभर पट्टीवर निळीच्या दोऱ्याने नव्हे, साध्या शाईने लिहिलेली चिठ्ठी शिवलेली असते. शेवटच्या चित्राची अशी: ‘सुती कापड, वापरलेले. हिरडा, मग तुरटी. लाल: मंजिष्ठेचे मूळ, कापडाच्या वजनाच्या निम्मे. हिरवा: डाळिंबाची साल, वर नीळ दोन वेळा. निळीची पूड विकत घेतलेली, पानांची. खिडकीत आठ आठवडे तपासले, हिरवा किंचित मंद. थेट उन्हात लावू नये.’ आणि खाली महिना व वर्ष. एवढे लिहायला दहा मिनिटे लागतात. संग्रहालये कापडावर ५० लक्सच्या (उजेड मोजण्याचे एकक) वर उजेड पडू देत नाहीत, कारण उजेडाने झालेली हानी साठत जाते आणि परत येत नाही. घरात तेवढा अंधार कोणी ठेवणार नाही, पण खिडकीसमोरची भिंत आणि बाजूची भिंत यांत निवड करता येते. ती करायला माहिती लागते.

प्रदर्शन भरवणाऱ्यांनी अशी चिठ्ठी मागावी, घेणाऱ्याने विचारावी, आणि आपल्यासारख्या वृत्तपत्रांनी कृती छापताना कोणता रंग टिकतो आणि कोणता नाही हे शेजारी छापावे, अशी माझी विनंती आहे. हळद-बिटाचे पान ज्यांनी वाचले त्यांच्यासाठी निदान चार ओळींचा खुलासा पुढच्या रविवारी यावा.

माझे रानाचे चित्र वाचनालयात परत गेले आहे. मी ते उसवून पाठ पुढे केली आणि कडा नव्याने शिवल्या. हळदीची पाने आहेत तशीच ठेवली, हिरवी आहेत तोवर. ते आता पुस्तकांच्या कपाटांमधल्या सावलीच्या भिंतीवर आहे. पाठीवर चिठ्ठी आहे.

सोबत दोन पट्ट्या पाठवत आहे, एक हळदीची आणि एक मंजिष्ठेची, दोन्ही अर्ध्या झाकून आठ आठवडे ठेवलेल्या. छापता आल्या तर शेजारी शेजारी छापाव्यात. छापायच्या नसतील तर कृपया पाकिटातच ठेवाव्यात, टेबलावर उजेडात नकोत.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक